कोणी उघडला, कधी उघडला

३ मार्च, सोमवार

वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "तू जेवताना जेवत नसतोस, मनात काहीतरी टाइप करत असतोस. ते इथे लिही आणि ताटावर मोकळ्या डोक्याने ये." सोळा वर्षांच्या संसारात तिने दिलेल्या सल्ल्यांपैकी निम्मे जरी ऐकले असते, तरी आज माझी पाठ धरली नसती. म्हणून हा ऐकतोय.

काम असं आहे. शहरातल्या एका तपासणी लॅबसाठी आम्ही वेबसाइट करतोय. रक्त द्या, घरी जा, दोन दिवसांनी घरबसल्या रिपोर्ट बघा. आमची कंपनी म्हणजे चार माणसं आणि सदा बिघडलेलं चहाचं मशीन. मालक कामं आणतात, एकजण पानं देखणी करतो, एक बाई चुका शोधतात आणि मी दार बांधतो. दार म्हणजे लॉगिन. पासवर्ड बरोबर दिला की सर्व्हर त्या माणसाला एक चिठ्ठी देतो, पुढे प्रत्येक पानावर ती चिठ्ठी तपासली जाते. पंधरा मिनिटं काही हालचाल नसली की चिठ्ठी रद्द, माणूस बाहेर. वीस वर्षं मी हेच करतोय. लॉगिनमधलं मला कोणी शिकवावं, असं फारसं उरलेलं नाही.

हे वाचून बघितलं. जरा जास्तच झालं. असू दे.

६ मार्च, गुरुवार

चुका शोधणाऱ्या बाईंना आम्ही चाळणी म्हणतो. तोंडावर म्हणतो, त्यांना चालतं. आधी त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, त्यामुळे दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा चेहरा उजळतो.

आज माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "पानाच्या वर जो वेब-पत्ता दिसतो, त्यात शेवटी रिपोर्टचा नंबर चारशे अकरा आहे. मी चारशे बारा केलं. दुसऱ्याच माणसाची साखर दिसली."

"चाचणीची खोटी माणसं आहेत हो ती."

"माणसं खोटी आहेत. भोक खरं आहे."

देखणी पानं करणारा हसला. मला ते लागलं. मी म्हटलं, बघतो, आणि यादीत त्यापुढे 'नंतर' असं लिहिलं. काम अर्ध्या दिवसाचंही नाही. पण मालकांना आधी 'पासवर्ड विसरलात का' वालं पान हवंय, आणि लॅब दहा दिवसांत सुरू करायची म्हणतेय.

१७ मार्च, सोमवार

सुरू झालं. पहिल्याच दिवशी त्र्याण्णव माणसं आत आली, एकाचीही तक्रार नाही. मालकांनी पेढ्यांऐवजी पाठीवर थाप दिली. चाळणीबाईंनी संध्याकाळी निघताना विचारलं, "ते नंबरांचं?" म्हटलं, या आठवड्यात.

२२ मार्च, शनिवार

आज फार बरं वाटलं. माझ्या कामात बायकोने इतक्या वर्षांत पहिल्यांदा रस घेतला. मटार सोलता सोलता विचारलं, "तुमच्या ऑफिसात बसून कोणाचाही रिपोर्ट दिसतो का?"

मी वाट्या आणि चमचे मांडून तिला अख्खं लॉगिन समजावलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, नंबर काढते, तेव्हा नेमकेपणा तिला कळतो. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "म्हणजे तुला दिसू शकतो."

"दिसू शकतो. पण बघतो कोण? मला काय करायचंय लोकांच्या साखरेशी."

"हं," म्हणाली आणि टरफलं टाकायला उठली.

२ एप्रिल, बुधवार

ती आज पुन्हा तिच्या ताईकडे. ताईच्या गुडघ्यांचं काहीतरी चालू आहे, सोबतीला म्हणून डॉक्टरकडे जाते. महिनाभरातली ही चौथी खेप. मी एकदा म्हटलं, मी नेतो गाडीने, तर म्हणाली, बायकांच्यात तू कशाला.

घरी आल्यावर म्हणाली, "तुमचं ते पान मधेच बाहेर काढतं. वाचता वाचता."

"तू कशाला गेली होतीस तिथे?"

"असंच. तू एवढं केलंयस, बघावं म्हटलं."

मी पंधरा मिनिटांचा नियम सांगितला. म्हटलं, एक पान वाचायला पंधरा मिनिटं कोणाला लागतात?

"लागतात काहींना," ती म्हणाली.

वापरणाऱ्याची अशी बारीक तक्रार मिळणं भाग्याचं. मालकांना सांगून वेळ वीस मिनिटं करून घेईन.

७ एप्रिल, सोमवार



सकाळी लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. एका पाळणाघरात मुलं सांभाळणाऱ्या ताई आहेत. त्यांनी आणि तिथल्याच एका मुलाच्या आईने एकाच सकाळी रक्त दिलं. रांगेत पुढे-मागे होत्या, म्हणून रिपोर्टचे नंबर लागोपाठ. त्या आईने आपला रिपोर्ट बघताना वरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला. चुकून की मुद्दाम, कोण जाणे. पाळणाघरातल्या ताईंचा रिपोर्ट उघडला. रक्तात जुन्या काविळीचा विषाणू आहे, असं त्यात होतं. तिने फोटो काढला. काल दुपारपर्यंत तो सगळ्या पालकांच्या फोनवर. आज सकाळी पाळणाघराने ताईंना सांगितलं, काही दिवस घरी बसा.

लॉगिन चोख चाललं होतं. ती बाई पासवर्ड देऊन आली होती, चिठ्ठी तिच्याकडे होती. चिठ्ठी आहे का, हे मी प्रत्येक पानावर विचारलं. चिठ्ठी कोणाची आणि रिपोर्ट कोणाचा, हे विचारलंच नाही.

दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. सात ओळी. बैल गेला आणि झोपा केला.

मालकांनी सगळ्यांना बसवून विचारलं, "हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं?" चाळणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घाईत राहून गेलं."

८ एप्रिल, मंगळवार

त्या स्वतः ऑफिसात आल्या. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. साधारण पन्नाशीच्या, साडी नीट पिनांनी लावलेली, पिशवी मांडीवर. मालकांनी मला पुढे केलं.

"माझा रिपोर्ट त्या बाईने बघितला, हे कळलं," त्या म्हणाल्या. "आणखी कोणी बघितला?"

कोण आत आलं याची नोंद होती, कोणी काय उघडलं याची नव्हती. तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही."

"मग रस्त्यात मी कोणाकडे मान वर करून बघायचं आणि कोणाकडे नाही, हे मला कोण सांगणार?"

त्यांनी पाणीही घेतलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "बावीस वर्षं मुलं सांभाळली. माझ्या हातून एकाला साधा खोकला लागला नाही."

त्या गेल्यावर मी मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की चाळणीबाईंनी महिन्यापूर्वीच दाखवलं होतं आणि मी ते मागे टाकलं. मालक म्हणाले, "काल का नाही बोललात?" मग म्हणाले, प्रत्येक रिपोर्ट कोणी उघडला, कधी उघडला, याची नोंद आजपासून ठेवायची आणि ज्याचा रिपोर्ट त्याला ती दिसली पाहिजे. आपली माणसंही त्यात आली पाहिजेत. नोंद आजच सुरू केली. लोकांना दिसायला आठवडा लागेल.

१२ एप्रिल, शनिवार

ऑफिसात एकटाच होतो. नवी नोंद नीट पडतेय का, ते वरून खाली बघत होतो. एक नाव चार दिवसांत नऊ वेळा. नऊही वेळा एकच रिपोर्ट.

आधी वाटलं, त्याच नावाची दुसरी कोणी असेल. जन्मतारीख बघितली.

तेव्हा उठून घरी यायला हवं होतं. घर वीस मिनिटांवर. ती घरी होती. "काय झालंय तुला?" एवढं विचारायचं होतं.

मी स्वतःला सांगितलं की दुरुस्ती लागू झाली आहे का, ते एकदा बघू. हे खोटं होतं. देखभालीच्या माझ्या पासवर्डने सगळं उघडतं, त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. दुपारी तीन चाळीसला मी माझ्या बायकोचा रिपोर्ट उघडला.

तिच्या छातीत गाठ आहे. तुकडा काढून तपासलाय. कर्करोग आहे, फार पसरलेला नाही असं दिसतं. पुढे चार ओळी इथे उतरवल्या होत्या, त्या खोडल्या.

तारीख अठ्ठावीस मार्चची. दोन आठवडे ती हे घेऊन दुकानात जातेय, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतेय. आणि त्याआधी, तिच्या तपासण्या चालू असताना, मी तिला वाट्या-चमचे मांडून लॉगिन शिकवत होतो.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी मी चहा केला, अंथरुणं आवरली, भाजी आणली. ती दारातून बघत होती. "तुला बरं नाही का?"

"का?"

"भाजी न सांगता आणलीस."

हसलो. दिवसभर वाट बघितली की ती सांगेल. दुपारी एकदा माझ्यासमोर येऊन बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाली, गॅसचा नंबर लावायचाय. संध्याकाळी मला तिचा राग आला. मला, नवऱ्याला, सांगत नाही? ताईला सगळं माहीत, गुडघे ठणठणीत असतील त्यांचे. मग रागाची लाज वाटली. मग पुन्हा राग.

विचारायचं कसं? विचारलं की कळलं कसं, हे आलंच.

१६ एप्रिल, बुधवार

उद्यापासून लोकांना नोंद दिसेल. तिच्या नोंदीत मधेच एक ओळ आहे: 'देखभाल, शनिवार, दुपारी ३.४०'. आमच्याकडे देखभाल मी एकटाच करतो, आणि हे तिला पक्कं माहीत आहे.

ओळ पुसणं माझ्या हातात होतं. एका आज्ञेचं काम. लिहिलीसुद्धा होती, फक्त बटण दाबायचं बाकी होतं. मग चाळणीबाई चहा घेऊन आल्या आणि मी पडदा बंद केला.

पुसली नाही, हे खरं. पण प्रामाणिकपणा म्हणून नाही. चाळणीबाईंनी सगळ्या ओळी मोजून ठेवल्या होत्या, एक कमी झाली तर त्यांना कळलं असतं. शिवाय वाटलं, ती कशाला बघेल.

आज घरी गेल्यावर सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिला दुकानातून यायला उशीर झाला, थकली होती. उद्या सांगेन.

१७ एप्रिल, गुरुवार

सांगायची वेळ माझ्यावर आली नाही.

मी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. फोन ओट्यावर, उजेड चालू.

"शनिवारी तीन चाळीसला तू ऑफिसात होतास?"

"हो."

"एकटा?"

"हो."

तिने मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर तिने ओळखला होता तोच निघाला. मी बोलायला लागलो. नोंद, दुरुस्ती, नाव दिसलं, भीती वाटली. तिने मला संपवू दिलं.

"रविवारी सांगणार होते," ती म्हणाली. "या येत्या रविवारी. ऑपरेशनची तारीख काल मिळाली. मला नुसती भीती घेऊन तुझ्यासमोर यायचं नव्हतं. काय करायचं ते ठरवून यायचं होतं. आईच्या वेळी सगळ्यांना तिच्या आधी कळलं होतं. ती विचारायची आणि आम्ही सगळे चेहरे करायचो. मला तसं नको होतं. मला ते आधी माझ्यापुरतं हवं होतं."

"मला सांगितलं असतंस तर..."

"शनिवारपासून तू माझ्याकडे पेशंट असल्यासारखं बघतोयस. मला वाटलं, माझ्याच चेहऱ्यावर काहीतरी दिसतंय. पाच दिवस मी चेहरा सांभाळत होते रे. आणि तुला माहीत होतं."

मी म्हटलं, मी तुझा नवरा आहे, मला काळजी वाटली.

"तुझी ती वही दीड महिना टेबलावर पडलेली असते. उघडीसुद्धा असते. मला काळजी वाटत नाही तुझी?"

तिने पोळ्या केल्या. आम्ही जेवलो. मी जेवणच जेवत होतो, दुसरं काहीही मनात नव्हतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

ऑपरेशन झालं. दवाखान्यात भरती होताना एक फॉर्म होता. 'आजाराची माहिती कोणाला द्यावी' या ओळीवर तिचं पेन जरा थांबलं. मग तिने ताईचं नाव लिहिलं. फॉर्म माझ्यासमोरच भरला, लपवला नाही.

दुपारी सर्जन बाहेर आले तेव्हा नर्सने विचारलं, "तुम्ही कोण?"

"नवरा."

तिने फॉर्मवर बोट फिरवलं. "तुम्ही बसा. त्या ताईंना आत येऊ दे."

मी बसलो. बाकडं थंड होतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. अकरा मिनिटांनी ताई बाहेर आल्या. माझ्याजवळ बसल्या, हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नीट झालं. बाकीचं ती सांगेल." ताईंचा मी आजवर कितीतरी वेळा राग केलाय. आज त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही.

९ मे, शुक्रवार

ती घरी येऊन दहा दिवस झाले. बोलते. औषधाच्या वेळा, भाजी, दुकानातून कोणाचा फोन आला ते सांगते. मी अंथरूण घातलं तर 'थँक्यू' म्हणते. सोळा वर्षांत आम्ही एकमेकांना कधी थँक्यू म्हटलं नव्हतं.

आज पाळणाघरातल्या ताईंच्या घरी गेलो. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं होतं की हा विषाणू हात लावल्याने, भरवल्याने पसरत नाही. पाळणाघराने पत्र ठेवून घेतलं, ताईंना नाही. आता एका लाँड्रीत इस्त्री करतात. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत.

मी सांगितलं की चूक माझी. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एकदा थांबून काय झालं ते बघितलंय. म्हणून हेही सांगितलं की महिनाभर आधी मला एकीने ते दाखवलं होतं आणि मी नंतर करू म्हटलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वाटत होतं, यंत्राचं काहीतरी झालं असेल. तुमच्यावर मी रागावले नव्हते." दाराची कडी त्यांच्या हातात होती, ती खालीवर करत राहिल्या. "आता रागवावं लागेल."

मी मान खाली घातली. त्यांनी आतून कागद आणून दिला. "हे आत्ता बोललात ते लिहून द्या. खाली सही करा. पाळणाघराच्या बाईंना दाखवायला नाही. माझ्या सुनेला दाखवायचंय. तीही नातवाला माझ्याकडे ठेवत नाही आता."

भिंतीला कागद टेकवून लिहिलं. डॉक्टरीणबाईंच्या पत्रात जे आहे तेही खाली लिहिलं. सही केली. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि दार लावलं.

१४ मे, बुधवार

दुपारी तिच्या फोनवर मेसेज आला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा रिपोर्ट लॅबने टाकला होता. गाठ पूर्ण निघाली की नाही, ते त्यात कळणार होतं.

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. थोड्या वेळाने तिचा आवाज यायला लागला, तिच्या ताईशी बोलत होती. शब्द ऐकू येतील असं वाटलं तेव्हा मी नळ सोडला आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली.

दार उघडलं. ती येऊन खुर्चीवर बसली. डोळे लाल होते, पण ते कशाने ते मी ठरवायला गेलो नाही.

"नळ बंद कर," ती म्हणाली. "सांगते."

तिने सांगितलं. तिच्या शब्दांत, तिला हव्या त्या क्रमाने. मधे दोनदा थांबली. थांबली तेव्हा मी काही विचारलं नाही. बातमी बरी आहे, एवढंच लिहितो. पुढचे उपचार आहेत, पण बातमी बरी आहे. मला रडू आलं, तिने येऊ दिलं.

मग तिने विचारलं, "तुला आधीच माहीत होतं का?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टेबलावरचा फोन उचलला, रिपोर्ट उघडला, आणि खाली जाऊन कोणी उघडला, कधी उघडला, ते वाचलं. माझ्यासमोर, सावकाश. तिथे फक्त तिचंच नाव होतं. तिने फोन ठेवला.

सोळा वर्षांत माझं 'नाही' तिला कधी तपासून बघावं लागलं नव्हतं.